घरीं केलेल्या पेडलचा आवाज कां पडतो?

विजेची गिटार वाजविणाऱ्या तरुणांच्या पायांशीं धातूच्या लहान लहान डब्या मांडलेल्या असतात, हें दृश्य आतां आपल्या शहरांत नवें राहिलेलें नाहीं. या डब्यांस पेडल म्हणतात. डबीवरचें बटण पायानें दाबलें कीं तारेच्या स्वराचें रूप पालटतें. एक पेडल स्वराला घोगरा करतें, दुसरें त्याला लाटेवर झुलवितें, तिसरें त्याचा प्रतिध्वनि उमटवितें. बाजारांत मिळणारीं पेडलें चांगलींच महाग असतात. आणि झांकण उघडून आंत पाहावें तर कांहीं पेडलांत दहाबारा सुटे भाग व एक बॅटरी यांपलीकडे कांहींच आढळत नाहीं. तेव्हां ज्याला सोल्डरिंग आयर्न नीट धरतां येतें असा हौशी तरुण मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्यास तपकीर गल्लींत जाऊन ते भाग घेऊन येतो आणि घरच्या टेबलावरच पेडल सिद्ध करतो, यांत नवल नाहीं.

अडचण येते ती पुढें. पेडल बोलूं लागतें, घोगरेपणाही हवा तसा येतो. परंतु बटण दाबतांक्षणीं आवाज खालीं बसतो. पेडल बंद असतांना गिटार खणखणीत वाजत असते, आणि तें चालू करतांच तीच गिटार शेजारच्या खोलींत नेऊन ठेवल्यासारखी वाटते. घरांतील वडील मंडळींस ही तक्रार नसून सोयच वाटण्याचा संभव आहे! पण चार जणांच्या संचांत वाजविणाऱ्याची स्थिति मात्र केविलवाणी होते. असलें पेडल तो दाबतो तें बहुधा एकट्यानें पुढें येऊन वाजविण्याच्या जागीं. आणि नेमक्या त्याच जागीं तो ड्रमच्या गजरामागें दिसेनासा होतो.

मग दुरुस्ती सुरू होते, आणि ती पुष्कळदां 'दुखणें हल्याला आणि डाग पखालीला' या जातीची असते. बॅटरी बदलून पाहावी, ट्रान्झिस्टर उपटून नवे बसवावे, सगळे सांधे पुन्हां एकदां तापवावे, असा क्रम चालतो. वारंवार उष्णता लागल्यानें पाटीवरची तांब्याची पातळ पट्टी सुटून येते आणि जें पेडल निदान हळू आवाजांत तरी वाजत होतें तें कायमचें मुकें होतें. डबी खणांत जाते. ही विद्या आपल्या कपाळीं लिहिलेली नाहीं, असें तो तरुण ठरवितो. आणि वाईट वाटावें तें या ठरविण्याचें, कारण त्याच्या हातून झालेलें काम अनेकदां अगदीं बिनचूक असतें. पडलेला आवाज हा प्रत्येक वेळीं दोषच असतो असें नाहीं. कांहीं पेडलांच्या मूळ आराखड्यांतच तो बसविलेला असतो.

ही गोष्ट पटण्यासाठीं एकच नामांकित पेडल घेतलेलें बरें. लंडनच्या आर्बिटर कंपनीनें १९६६ सालीं 'फझ फेस' या नांवाचें एक पेडल विक्रीस काढलें. त्याची डबी वाटोळी असून तिचा आकार मायक्रोफोनच्या उभ्या दांडीखालीं जी जड बैठक असते तिच्यावरून सुचला, असें सांगतात. त्याच वर्षीं अमेरिकेहून लंडनला आलेल्या जिमी हेन्ड्रिक्सनें तें वापरलें आणि त्याचें नांव जगभर झालें. पुढें हें नांव अमेरिकेंतील डनलॉप कंपनीकडे गेलें आणि आजही त्या नांवाचीं पेडलें निघतात. गंमत अशी कीं या घोगऱ्या स्वराचा जन्मच मुळीं एका बिघाडांतून झालेला आहे. १९६१ सालीं निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीं नॅशव्हिल येथील यंत्रसामग्रींतला एक भाग नादुरुस्त झाला आणि वाद्याचा स्वर चिरका, भरडल्यासारखा उमटला. तो लोकांस इतका आवडला कीं बिघडलेल्या यंत्राचा आवाज बिघाडावांचून काढून देणारीं पेडलें बाजारांत येऊं लागलीं. घरीं पेडल करणाऱ्यांचा ओढा फझ फेसकडे विशेष असतो, कारण त्याची रचना अत्यंत सुटसुटीत आहे. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि फिरवावयाचे दोन रेझिस्टर, ज्यांना कारागीर नुसते 'पॉट' म्हणतात, मिळून अकरा भाग.

या अकरा भागांचें काम समजावून घेणें फारसें कठीण नाहीं. ट्रान्झिस्टरला तीन पाय असतात: बेस, कलेक्टर आणि एमिटर. पाटावरची झडप बोटभर हलविली तर जसा पाण्याचा मोठा लोंढा कमीजास्त होतो, तसा बेसमधील अगदीं सूक्ष्म प्रवाह कलेक्टरमधील मोठ्या प्रवाहास ताब्यांत ठेवतो. गिटारच्या चुंबकांतून, म्हणजे पिकपमधून, आलेली दुबळी लाट पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसवर पडते. तेथें ती वाढते आणि दुसऱ्याच्या बेसवर जाते. तेथें आणखी कित्येक पटींनीं वाढूं पाहते. परंतु बॅटरी आहे नऊच व्होल्टांची. लाटेला वाढून वाढून नऊ व्होल्टांच्या पलीकडे जातां येत नाहीं. तिचा माथा वर छताला लागतो, तळ खालीं जमिनीला लागतो, आणि गोलाईदार लाटेचा वरून खालून छाटलेला चौकोनी ठोकळा बनतो. या छाटणीमुळें मूळ स्वराबरोबर नव्या उच्च स्वरांची गर्दी होते, आणि तिलाच कान घोगरेपणा म्हणून ओळखतो.

आतां मुद्द्याची जागा. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला बॅटरीचा प्रवाह सरळ मिळत नाहीं; तो एकापुढें एक जोडलेल्या दोन रेझिस्टरांतून येतो. बॅटरीच्या बाजूचा लहान असतो, कांहीं नकाशांत ३३० ओहमचा तर कांहींत ४७० ओहमचा. आणि कलेक्टरच्या बाजूचा मोठा, ८,२०० ओहमचा. कलेक्टरवर जी लाट उठते ती सुमारें आठ व्होल्ट उंचीची, म्हणजे गिटारच्या मानानें प्रचंड असते. पण बाहेर जाणारी तार कलेक्टरला जोडलेली नसतेच! ती या दोन रेझिस्टरांच्या मधल्या सांध्याला जोडलेली असते. दोन रेझिस्टर एका रांगेंत असले म्हणजे व्होल्टेज त्यांच्या रोधाच्या प्रमाणांत वांटलें जातें. लहान रेझिस्टर ४७० ओहमचा असेल तर एकूण ८,६७० पैकीं ४७०, म्हणजे जवळ जवळ अठराव्या हिश्श्याइतकीच लाट बाहेर पडते. तो ३३० ओहमचा असेल तर सव्विसावा हिस्सा. बाकीची सर्व लाट डबीच्या आंतच राहते.

आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार, असें आपण म्हणतो. येथें प्रकार उलटा आहे. आड तुडुंब भरलेला आहे. पोहराच ओंजळीएवढा आहे. आणि बिचारा हौशी कारागीर आडाचे झरे मोकळे करण्यांत, म्हणजे अधिक जोरकस ट्रान्झिस्टर बसविण्यांत, पैसे घालवीत असतो. ट्रान्झिस्टर कितीही बलवान आणला तरी लाट नऊ व्होल्टांच्या छताला अगोदरच लागलेली आहे. ती अधिक उंच व्हावयाची नाहीं. फार तर घोगरेपणा वाढेल, आवाज तेवढाच राहील.

मूळ रचनेंत अशी काटछांट कां, असें कोणी विचारील. आठ व्होल्टांची लाट जशीच्या तशी पुढें सोडली तर जो अँप्लिफायर व्होल्टाच्या दशांशांची अपेक्षा करून बसला आहे त्याची दाणादाण उडेल. तेव्हां कोठें तरी ती खालीं आणावयास हवीच. प्रश्न किती खालीं आणावयाची एवढाच उरतो, आणि त्याचें उत्तर गिटारवर अवलंबून असतें. आठ व्होल्टांचा अठरावा हिस्सा म्हणजे अर्ध्या व्होल्टाहून थोडें कमी. सव्विसावा हिस्सा म्हणजे तीन दशांश व्होल्ट. एकेरी वेटोळ्याचा पिकप असलेली गिटार मध्यम जोरानें वाजविली तर तिची लाट व्होल्टाच्या एकदोन दशांशांची असते. अशा गिटारला फझ फेस लावलें तर आवाज वाढल्यासारखाच भासतो. उलट दुहेरी वेटोळ्याचा, ज्याला हमबकर म्हणतात तसा, पिकप असेल आणि हात जड असेल तर गिटारच स्वतः एक व्होल्ट किंवा त्याहून अधिक देते. या गिटारला तेंच पेडल लावलें तर आवाज पडणारच. एकाच डबीची एक मित्र स्तुति करतो आणि दुसरा तीच डबी परत आणून देतो, याचें रहस्य हें आहे. आणि तें न कळल्यामुळें करणाऱ्याच्या माथीं नसता दोष येतो.

येथें एक बारकावा ध्यानांत घेतला पाहिजे. छाटलेल्या लाटेची उंची तार छेडल्यापासून स्वर मावळेपर्यंत पुष्कळ वेळ एकसारखी राहते, तर साध्या गिटारचा स्वर आघाताच्या क्षणीं उंच उठून लगेच उतरूं लागतो. म्हणून एकट्यानें बसून लांब स्वर घेऊन पाहिलें तर पेडलचा आवाज पुरेसा वाटतो, आणि संचांत ठोके देऊन वाजवूं लागलें कीं आघाताची धार गेल्यामुळें तोच कमी वाटतो. परीक्षा घ्यावयाची ती ज्या रीतीनें पुढें वाजवावयाचें आहे त्याच रीतीनें घ्यावी.

मात्र प्रत्येक वेळीं आराखड्याकडे बोट दाखवून मोकळें होतां येणार नाहीं. खरे दोषही असतात, आणि ते अगोदर निवडून काढल्यावांचून रेझिस्टर बदलणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

सर्वांत आधीं दोन्ही पॉट पूर्ण फिरवून ऐकावें. ही सूचना बालिश वाटेल, पण आवाजाचा पॉट ५,००,००० ओहमचा आणि 'लॉग' जातीचा असतो, व या जातीच्या पॉटमध्यें अर्धें वळण झालें म्हणजे अर्धा आवाज येतो असें नसून लाटेचा सुमारें दहावा हिस्साच पुढें जातो. मध्यावर कांटा ठेवून निराश झालेले लोक थोडे नाहींत. नंतर पेडल बंद ठेवून गिटार ऐकावी आणि मग पेडल मधून काढून सरळ अँप्लिफायरला जोडून ऐकावी. या दोहोंत फरक पडला तर दोष पायाच्या बटणांत किंवा तारांत आहे. आंतल्या अकरा भागांचा त्यांत कांहीं अपराध नाहीं. हल्लीं वापरण्यांत येणाऱ्या बटणाला नऊ टोकें असतात आणि त्यांतलें एखादें शेजारच्या टोकाला चुकून चिकटलेलें असणें ही नित्याची गोष्ट आहे.

यानंतर मीटर हातीं घ्यावा. मीटरची काळी तार जमिनीला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला, लावून लाल तारेनें एकेक जागा पाहावी. हें वर्णन सिलिकॉनच्या, एन-पी-एन जातीच्या ट्रान्झिस्टरांचें आहे, कारण घरीं बहुधा तेच वापरले जातात. पहिल्याचा बेस सहा दशांश व्होल्टाच्या आसपास असावा, त्याचा कलेक्टर सव्वा व्होल्टाच्या जवळपास, आणि दुसऱ्याचा कलेक्टर बॅटरीच्या निम्म्यावर, म्हणजे चार ते पांच व्होल्टांवर. हा शेवटचा आंकडा सर्वांत महत्त्वाचा. लाटेला वर आणि खालीं सारखीच जागा मिळावयाची तर तिनें मध्यावर उभें राहिलें पाहिजे. मीटर जवळ जवळ पुरे नऊ व्होल्ट दाखवील तर दुसरा ट्रान्झिस्टर झोंपलेला आहे. एकच व्होल्ट दाखवील तर तो पूर्ण उघडून अडकला आहे. दोन्ही वेळीं आवाज बारीक, तुटक, फुरफुरल्यासारखा येतो. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर ८,२०० ओहमवर बहुधा मध्याच्या खालीं, तीन व्होल्टांच्या सुमारास, उभे राहतात. म्हणून जाणते लोक तेथें ३,३०० ओहमचा कायम रेझिस्टर व त्याच्यापुढें १०,००० ओहमचा लहान फिरता रेझिस्टर घालतात आणि मीटर पाहत साडेचारावर आणून सोडतात.

मूळच्या फझ फेसमध्यें जर्मेनियमचे पी-एन-पी ट्रान्झिस्टर होते. ते वापरले तर सगळी रचना उलटी होते, धन टोंक जमिनीला येतें आणि मीटरचे आंकडे ऋण दिसतात. अशा पेडलला इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवरून वीज देऊं नये. शिवाय जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाहीं. उष्णतेबरोबर त्यांतली गळती भराभर वाढते आणि सकाळीं मध्यावर असलेला कलेक्टर दुपारीं भलतीकडेच सरकलेला आढळतो.

आंकडे चुकीचे निघाले तर संशय कोणावर घ्यावा? प्रथम ट्रान्झिस्टरच्या पायांवर. बीसी ५४७ आणि २ एन ३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर आपल्या बाजारांत कोठेंही मिळतात आणि दिसावयास जुळ्या भावांसारखे असतात. सपाट बाजू आपल्याकडे व पाय खालीं धरले तर पहिल्याचे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर या क्रमानें येतात. दुसऱ्याचे एमिटर, बेस, कलेक्टर असे, म्हणजे नेमके उलटे. एकाच्या नकाशावर दुसरा बसविला तर तो मरत नाहीं, आणि हाच खरा घोटाळा! ट्रान्झिस्टर उलटा लावला तरी अत्यल्प प्रमाणांत काम करीत राहतो. मेला असता तर चोर तत्काळ सांपडला असता. तो अर्धमेला जगत असल्यामुळें संशय भलत्यावर जातो.

दुसरा संशय रेझिस्टरांच्या रंगांवर. ३३० ओहमच्या पट्ट्या नारिंगी, नारिंगी, तपकिरी. ३३,००० च्या नारिंगी, नारिंगी, नारिंगी. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्याखालीं तपकिरी आणि नारिंगी यांत फरक करणें चांगल्या डोळ्यांसही जड जातें. त्याचप्रमाणें ८,२०० ओहमचा करडा, तांबडा, तांबडा आणि ८२० चा करडा, तांबडा, तपकिरी. पांच पट्ट्यांचे रेझिस्टर तर वाचूंच नयेत. डाख देण्यापूर्वीं प्रत्येक मीटरवर मोजून घ्यावा. एका रेझिस्टरला दहा सेकंद लागतात, आणि चार रेझिस्टर आहेत.

कंडेन्सरांवर रंग नसून आंकडे असतात. बाहेर जाणाऱ्या तारेवरचा कंडेन्सर ०.०१ मायक्रोफॅरडचा हवा. त्यावर १०३ असें छापलेलें असतें. चुकून १०२ चा आला तर तो दहा पटींनीं लहान असतो. मग सुमारें ३२० हर्ट्झच्या खालचे स्वर, म्हणजे गिटारचा सगळा खर्ज, गळून जातो, आणि ऐकणारा म्हणतो कीं आवाज पडला. आवाजाचा पॉट ५,००,००० च्या ऐवजीं ५०,००० ओहमचा लावला तरी हिशेब तोच येतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरजवळ २० किंवा २२ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर असतो. त्याचा सांधा कच्चा राहिला तर त्या ट्रान्झिस्टरची वाढविण्याची शक्ति एकदम आठदहा पटींपर्यंत खालीं येते. कच्चा डाख पूर्वीं रंगावरून ओळखतां येत असे; चकचकीत तो चांगला आणि करडा, दाणेदार तो वाईट. आतां शिसें नसलेलें सोल्डर वापरलें तर चांगला डाखही मंदच दिसतो, म्हणून भागाचा पाय चिमट्यानें हलकेच हलवून पाहणें हीच खरी कसोटी.

मीटरचे आंकडे सगळे बरोबर आले आणि तरीही समाधान होत नसेल, तर लाटेचा प्रत्यक्ष पाठलाग करण्याची एक सोपी युक्ति आहे. गिटारची एक जुनी दोरी घेऊन तिचें एक टोंक अँप्लिफायरमध्यें ठेवावें आणि दुसरें कापून आंतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर डाखावा. बाहेरची जाळी पेडलच्या जमिनीला जोडावी. कंडेन्सरचें मोकळें टोंक ही झाली शोधक सुई. अँप्लिफायरचा आवाज अगदीं कमी ठेवून, कोणी तरी गिटार वाजवीत असतांना, या सुईनें आंत येणाऱ्या तारेपासून एकेक सांधा ऐकत जावें. पहिल्या बेसवर गिटारच ऐकूं येते. पहिल्या कलेक्टरवर ती मोठी होते. दुसऱ्या कलेक्टरवर कान झांकून घेण्याजोगी गर्जना. जेथें ही चढण मोडेल तेथें दोष. आणि सर्व कांहीं नीट असेल तर दुसऱ्या कलेक्टरवरून सुई उचलून दोन रेझिस्टरांच्या सांध्यावर टेकतांच आवाज धाडकन् खालीं येतो. अनेकजण येथेंच फसतात आणि हा सांधा बिघडला असें मानतात. हा बिघाड नव्हे. वर सांगितलेला पोहरा तो हाच. ही सुई केवळ नऊ व्होल्टांच्या डबीसाठीं आहे, हें मात्र विसरूं नये. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरच्या पोटांत शेंकडों व्होल्ट असतात, यंत्र बंद केल्यावरही कांहीं काळ ते तेथें दबा धरून बसतात, आणि तेथें असली सुई घालणें प्राणावर बेतूं शकतें.

दोष नाहीं अशी खात्री पटल्यावर उपाय पांच मिनिटांचा आहे. ३३० किंवा ४७० ओहमचा तो लहान रेझिस्टर काढून त्याच्या जागीं १,००० ओहमचा बसवावा. आतां ९,२०० पैकीं १,००० म्हणजे सुमारें नववा हिस्सा बाहेर येतो. ४७० च्या मानानें आवाजाची लाट दुप्पट होते, ३३० च्या मानानें जवळ जवळ तिप्पट, आणि तिची उंची नऊ दशांश व्होल्टांच्या घरांत जाते. हमबकरच्या गिटारलाही हें बहुधा पुरतें. त्याहून हवा असेल तर २,२०० ओहमपर्यंत जातां येतें. मात्र तेव्हां कलेक्टर जवळ जवळ एक व्होल्ट खालीं सरकतो, तो फिरत्या रेझिस्टरनें पुन्हां साडेचारावर आणावा लागतो. आवाजाबरोबर आंतली सूं सूं देखील त्याच प्रमाणांत वाढते, याला इलाज नाहीं. पाटीवर हात चालविण्याचें धैर्य होत नसेल तर जुना रेझिस्टर न काढतां १,००० ओहमचा रेझिस्टर दुसऱ्या पाटीवर लावून पाहूं नये. दोन रेझिस्टर समांतर पडले तर रोध वाढण्याऐवजीं घटतो आणि आवाज आणखीच पडतो. जुना काढलाच पाहिजे.

इतर पेडलांत पोहरा निराळ्या ठिकाणीं असतो. कांहींत लाट छाटण्याचें काम ट्रान्झिस्टर करीत नसून दोन उलटसुलट डायोड करतात, आणि ते लाटेला जमिनीकडे वळवितात. एमएक्सआर कंपनीच्या 'डिस्टॉर्शन प्लस' मध्यें असे जर्मेनियमचे डायोड आहेत. जर्मेनियमचा डायोड लाटेला सुमारें तीन दशांश व्होल्टांवर छाटतो, सिलिकॉनचा सहा दशांशांवर. डायोड बदलला कीं उंची दुप्पट होते, पण स्वराचा पोतही थोडा पालटतो, आणि तो आवडेल कीं नाहीं हें ज्याचें त्यानें ठरवावें. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीच्या 'बिग मफ' मध्यें स्वर उजळ-मंद करणारा भाग लाटेचा मोठा वांटा खाऊन टाकतो आणि तो भरून काढण्यासाठींच शेवटचा ट्रान्झिस्टर ठेवलेला आहे. तेथें आवाज पडला तर आधीं त्या शेवटच्या ट्रान्झिस्टरची नाडी पाहावी.

राहतां राहिली पेडलच्या पलीकडची बाजू. घरीं गिटारचा अँप्लिफायर नसला म्हणजे पेडलची दोरी गाणीं ऐकण्याच्या साध्या अँप्लिफायरच्या मागें खोंचण्याचा मोह होतो. गिटारच्या अँप्लिफायरचा प्रवेशरोध दहा लक्ष ओहमचा असतो. या दुसऱ्या यंत्राचा कित्येकदां दहा हजारच असतो. फझ फेसच्या बाहेर जाणाऱ्या तारेवरचा ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि हे दहा हजार ओहम यांची जोडी जमली कीं सुमारें १,६०० हर्ट्झच्या खालचें सर्व दुबळें होतें. आणि गिटारच्या सर्वांत उंच पडद्यावरचा स्वरही मुळांत १,३०० हर्ट्झच्या आसपासचा असतो. म्हणजे प्रत्येक स्वराचा पायाच खचतो आणि वर नुसती किरकिर उरते. येथें पेडलमध्यें कांहींही बदलूं नये. पेडल आणि यंत्र यांच्यामध्यें ज्याचा प्रवेशरोध मोठा आहे असा एखादा बफर ठेवावा, किंवा दोरी सरळ गिटारच्या अँप्लिफायरला जोडून ऐकावें, आणि मगच १,००० ओहमचा रेझिस्टर लागतो कीं नाहीं तें पाहावें.